मुंबईतील परवडणारी घरे : सव्वाशे वर्षांचे धोरण आणि लढे

मुंबईत कष्टकऱ्यांच्या घराचा प्रश्न सरकार दरबारी पोहोचला तो १८९६ च्या प्लेगमुळे. त्याआधी जवळजवळ चार दशके शहरात कापडगिरण्या वाढत होत्या. रत्नागिरी, सातारा, पुणे, नगर या जिल्ह्यांतून माणसे बोटीने आणि रेल्वेने येत होती आणि मिळेल तिथे पथारी टाकत होती. त्यांनी राहायचे कुठे, याची जबाबदारी गिरणीमालकांवर नव्हती, पालिकेवर नव्हती आणि सरकारवरही नव्हती. जमीनमालकांनी आणि सावकारांनी गिरणगावात दुमजली-तिमजली चाळी उभ्या केल्या, त्यातल्या एकेका खोलीचे भाडे लावले आणि मागणी वाढेल तसे ते वाढवत नेले.

या खोल्या साधारण दहा बाय बारा फुटांच्या. पुढे लाकडी कठड्याची गॅलरी, आत कोपऱ्यात मोरी आणि मजल्याच्या टोकाला सामायिक संडास. कोकणातल्या एकाच गावचे पुरुष मिळून अशी एक खोली भाड्याने घेत. तिला गावाची खोली म्हणत. पाळीवरून आलेला माणूस झोपायला टेकला की दुसरा कामावर निघे. भिंतीशी ट्रंका रचलेल्या असत आणि जेवणाची सोय खाणावळीत असे. बायकामुले गावी राहत. भाड्याचा वाटा सगळे मिळून भरत, नव्याने आलेल्याला सामावून घेत आणि आजारी पडलेल्याला गावी पोचवत. पुढच्या काळात भाडेकरूंच्या ज्या संघटना झाल्या, त्यांना एकत्र राहण्याची आणि हिशेब ठेवण्याची सवय या खोल्यांनी लावली.

प्लेग आणि इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. काही महिन्यांत लाखो लोकांनी शहर सोडले आणि गिरण्यांना कामगार मिळेनासे झाले. दाट वस्ती, कोंदट खोल्या आणि तुंबलेली गटारे यांचा रोगाशी संबंध आहे, हे सरकारने मान्य केले आणि १८९८ मध्ये कायदा करून बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना केली. रुंद रस्ते काढणे, अस्वच्छ वस्त्या पाडणे, नव्या जमिनी वसाहतयोग्य करणे आणि गरिबांसाठी चाळी बांधणे अशी कामे ट्रस्टकडे सोपवण्यात आली.

ट्रस्टने काढलेले प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड हे रस्ते आज अनुक्रमे शामलदास गांधी मार्ग आणि सरदार वल्लभभाई पटेल मार्ग या नावांनी ओळखले जातात. दादर-माटुंग्याच्या आखीव वसाहतीही ट्रस्टच्याच. आग्रीपाडा, नागपाडा, चंदनवाडी, परळ अशा ठिकाणी बीआयटी चाळी उभ्या राहिल्या. परळच्या बीआयटी चाळीत पन्नास आणि एक्कावन्न क्रमांकाच्या खोल्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर दोन दशके राहिले. अभ्यासाची आणि चळवळीची त्यांची कितीतरी वर्षे या दोन खोल्यांत गेली.

ट्रस्टच्या कामात एक दोष पहिल्यापासून होता. रस्त्यासाठी पाडलेल्या वस्तीतल्या लोकांना नव्या चाळीत जागा मिळेलच अशी व्यवस्था नव्हती. नव्या जागेचे भाडे जास्त पडे किंवा ती कामाच्या ठिकाणापासून लांब असे. त्यामुळे हटवलेली कुटुंबे शेजारच्याच वस्तीत शिरत आणि तिथली गर्दी वाढवत. वस्ती पाडली म्हणून वस्ती नाहीशी होत नाही, हा अनुभव मुंबईने विसाव्या शतकाच्या पहिल्याच दशकात घेतला. पुढे शंभर वर्षे तो पुन:पुन्हा घ्यावा लागला. १९३३ मध्ये ट्रस्टचा कारभार महापालिकेत विलीन झाला.

याच काळात मध्यमवर्गाने आपला वेगळा मार्ग काढला. १९१५ मध्ये गावदेवी येथे सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी स्थापन झाली. देशातल्या सहकारी गृहनिर्माणाच्या अगदी पहिल्या प्रयत्नांपैकी हा एक होता. भाडेकरूंनी भाग विकत घेऊन इमारतीचे सामूहिक मालक व्हायचे, ही कल्पना तिने रुजवली. पुढे शहरभर हाच नमुना पसरला. मात्र भागभांडवल भरण्याची ऐपत नसलेल्या कामगाराला तो फारसा उपयोगी पडला नाही.

बीडीडी चाळी

पहिल्या महायुद्धात महागाई भडकली, भाडी वाढली आणि युद्धानंतर गिरण्यांत मोठे संप झाले. अस्वस्थ कामगार निदान नीट घरात राहावा, या हेतूने गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या कारकिर्दीत १९२० मध्ये बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट हे स्वतंत्र खाते निघाले. पन्नास हजार खोल्या बांधण्याचे उद्दिष्ट ठरले. खर्चासाठी मुंबईत येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गाठीवर एक रुपया कर बसवण्यात आला. ज्या धंद्यासाठी माणसे शहरात येत होती, त्याच धंद्याने त्यांच्या घरांचा भार उचलावा, हे तत्त्व त्यामागे होते. शहराच्या गृहनीतीत इतके स्वच्छ तत्त्व पुढे क्वचितच दिसले.

प्रत्यक्षात वरळीला १२१, नायगावला ४२, डिलाइल रोडला ३२ आणि शिवडीला १२ अशा २०७ चाळी उभ्या राहिल्या. तळमजला अधिक तीन मजले, मधोमध लांब बोळ, दोन्ही अंगांना दहा-दहा खोल्या; म्हणजे एका चाळीत ८० खोल्या. एक खोली १६० चौरस फुटांची, भिंती सिमेंट काँक्रीटच्या आणि संडास सामायिक. पन्नास हजारांच्या उद्दिष्टापैकी साधारण एक तृतीयांश खोल्या झाल्या आणि काम थांबले.

सुरुवातीला वरळीच्या चाळी बऱ्याचशा रिकाम्या राहिल्या. गिरणी लांब, वाहन नाही, बाजार नाही आणि भाडे कामगाराच्या पगाराच्या मानाने जड. सविनय कायदेभंगाच्या काळात सरकारने त्यातल्या काही इमारती सत्याग्रहींना डांबण्यासाठी तुरुंग म्हणून वापरल्या. वस्ती वाढली तसे त्या भागाचे रूप पालटले आणि जांभोरी मैदानाभोवतीचा परिसर मराठी कामगारवस्तीचे एक मुख्य केंद्र झाला. घर बांधले तरी कामाची जागा, दळणवळण आणि भाडे या तिन्ही गोष्टी जुळल्याशिवाय ते भरत नाही, हा वरळीचा धडा होता.

भाडे गोठले, इमारती खचल्या

सरकार घरे बांधत होते, पण बहुसंख्य कामगार खाजगी चाळींतच राहत होते. त्यांना आधार मिळाला तो भाडे नियंत्रण कायद्याचा. मुंबईत पहिला असा कायदा १९१८ मध्ये युद्धकाळातली तात्पुरती तरतूद म्हणून आला. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास तशीच वेळ पुन्हा आली आणि १९४७ मध्ये मुंबई भाडे नियंत्रण कायदा झाला. १ सप्टेंबर १९४० रोजी असलेले भाडे हे प्रमाणभूत भाडे ठरले. भाडेकरूला कारणाशिवाय काढता येणार नाही, अशी तरतूद झाली. कायद्याची मुदत ठरावीक वर्षांची होती. ती वेळोवेळी वाढवण्यात आली आणि तात्पुरता कायदा अर्धे शतक चालला.

या कायद्याने लाखो कुटुंबांना शहराच्या मध्यभागी टिकवून धरले. गिरगाव, लालबाग, परळ, दादर, भुलेश्वर या भागांतली जी मिश्र वस्ती पुढच्या पिढ्यांनी पाहिली, ती या संरक्षणाशिवाय टिकली नसती. त्याची किंमतही शहराने मोजली. भाडे पाच-दहा रुपयांवर थांबले आणि डागडुजीचा खर्च वाढत गेला. मालकाने लक्ष काढून घेतले, लाकडी तुळया कुजल्या आणि दर पावसाळ्यात कुठे ना कुठे इमारत कोसळू लागली. नवीन भाड्याची घरे बांधण्यात कोणाला रस उरला नाही.

त्यातून पागडीची पद्धत पक्की झाली. खोली घेताना भाडेकरू मालकाला मोठी रक्कम एकदम देई. पुढे दरमहा भाडे नाममात्र. खोली सोडताना तो नव्या भाडेकरूकडून चालू भावाने रक्कम घेई आणि त्यातला वाटा, बहुधा एक तृतीयांश, पावती नव्या नावावर करून देण्यासाठी मालकाला जाई. १९४७ च्या कायद्याने अशी रक्कम घेणे गुन्हा होता, तरी सारा व्यवहार त्यावरच चाले. भाडेपावती हाच कुटुंबाचा मुख्य दस्तऐवज बनला. मुलाच्या नावावर पावती झाली नाही म्हणून भावाभावांत वाद होत आणि लघुवाद न्यायालयात खटले पिढ्यानपिढ्या चालत.

१९९७ मध्ये मलपे विश्वनाथ आचार्य खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९४० च्या पातळीवर भाडे गोठवून ठेवणे आता अवाजवी झाले आहे, असा निर्णय दिला. त्यानंतर आलेला महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याने दरवर्षी चार टक्के भाडेवाढीची मुभा दिली, पागडीचा व्यवहार कायदेशीर केला आणि मोठ्या कंपन्या व बँका यांना संरक्षणातून वगळले.

इमारती कोसळू नयेत म्हणून १९६९ मध्ये वेगळा कायदा झाला होता. शहर भागातल्या जुन्या इमारतींतील रहिवाशांकडून उपकर घ्यायचा आणि त्यातून व सरकारी मदतीतून दुरुस्ती मंडळाने डागडुजी करायची, अशी ती योजना. अशा उपकरप्राप्त इमारती १९,६४२ होत्या. त्यांपैकी १६,५०२ इमारती १ सप्टेंबर १९४० पूर्वीच्या. १९८६ मध्ये राज्याच्या गृहनिर्माण प्राधिकरणाच्या, म्हणजे म्हाडाच्या, कायद्यात आणखी एक धाडसी प्रकरण जोडले गेले. ७० टक्के रहिवाशांनी सहकारी संस्था काढून मागणी केली, तर मासिक भाड्याच्या शंभर पट रक्कम मालकाला देऊन इमारत संपादन करता येईल, अशी ही तरतूद होती. मालकांच्या संघटनेने तिला आव्हान दिले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठापर्यंत गेले. प्रत्येक खाजगी मालमत्ता समाजाची भौतिक साधनसंपत्ती मानता येणार नाही, असा निर्णय पीठाने ५ नोव्हेंबर २०२४ रोजी बहुमताने दिला. शहरातल्या मोडकळीस आलेल्या चाळींच्या वादातून भौतिक साधनसंपत्तीविषयीच्या, घटनेच्या ३९(ब) कलमाचा अर्थ ठरला.

गृहनिर्माण मंडळ ते म्हाडा

स्वातंत्र्यानंतर राज्याने पुन्हा स्वतः घरे बांधायला घेतली. १९४९ मध्ये मुंबई गृहनिर्माण मंडळ सुरू झाले. विक्रोळीचे कन्नमवार नगर, चेंबूरचे टिळक नगर, घाटकोपरचे पंत नगर या वसाहती मंडळाच्या काळातल्या. जमीन सार्वजनिक मालकीची होती, म्हणून घराच्या किमतीत जमिनीचा भाव फारसा शिरत नसे. १९७७ मध्ये वेगवेगळी मंडळे एकत्र करून म्हाडा हे प्राधिकरण झाले. म्हाडाची सोडत ही मराठी मध्यमवर्गीय घरातली वार्षिक घटना बनली. एका घरामागे शेकडो अर्ज येत राहिले, यावरूनच गरज आणि पुरवठा यांतली दरी कळते.

जागतिक बँकेच्या मदतीने १९८५ पासून राबवलेल्या मुंबई नागरी विकास प्रकल्पात वेगळा प्रयोग झाला. चारकोप आणि गोराई येथे सरकारने जमीन आखून रस्ते, पाणी आणि मलनिस्सारणाची सोय केली आणि लहान भूखंड कमी उत्पन्नाच्या कुटुंबांच्या सहकारी संस्थांना दिले. घर ज्याने त्याने ऐपतीप्रमाणे बांधायचे. कुणी आधी एक खोली बांधली, चार-पाच वर्षांनी माळा चढवला, पुढे वरचा मजला काढला. घर आणि कमाई बरोबरीने वाढत गेली. तीन दशकांनंतर या वसाहती सुस्थितीत, गजबजलेल्या आणि राहणाऱ्यांच्या मालकीच्या दिसतात. हा प्रयोग पुढे मोठ्या प्रमाणावर झाला नाही, ही मुंबईच्या गृहनीतीतली मोठी उणीव म्हटली पाहिजे.

झोपडपट्टी : पाडकामापासून हक्कापर्यंत

मंडळाची घरे ज्यांच्यापर्यंत पोचली नाहीत, त्यांनी खाडीकाठी, डोंगरउतारावर, रेल्वेलगत आणि पदपथांवर निवारा केला. साठच्या दशकापर्यंत झोपडी दिसली की हटवायची, हेच धोरण होते. १९७१ मध्ये महाराष्ट्र झोपडपट्टी सुधारणा, निर्मूलन व पुनर्विकास कायदा आला आणि वस्तीत नळ, संडास, गटारे, पायवाटा व दिवे देणे कायद्याने शक्य झाले. जानेवारी १९७६ मध्ये सरकारी व पालिकेच्या जमिनींवरील झोपड्यांची एकाच दिवशी गणना झाली आणि झोपडीधारकांना फोटोपास मिळाले. चाळीत भाडेपावतीला जे मोल होते, ते वस्तीत या पासाला आले.

त्याच वर्षी, आणीबाणीत, ट्रॉम्बेची जनता कॉलनी पाडली गेली. हे लोक पालिकेनेच पूर्वी शहरातून हलवून तिथे वसवलेले होते. शेजारच्या भाभा अणुसंशोधन केंद्रासाठी ही जमीन हवी होती. रहिवाशांनी वर्षानुवर्षे न्यायालयात आणि रस्त्यावर विरोध केला. तरी मे १९७६ मध्ये सुमारे ७० हजार लोकांना चिता कॅम्पमध्ये हलवण्यात आले. या लढ्यातून जॉकिन अर्पुथम यांचे नेतृत्व पुढे आले. त्यांनी उभारलेल्या नॅशनल स्लम ड्वेलर्स फेडरेशनने, पाडकामाला नुसता विरोध पुरेसा नाही, वस्तीने स्वतःची मोजणी करून पर्याय मांडला पाहिजे, अशी कार्यपद्धती घडवली. अर्पुथम यांना २००० मध्ये रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

१९८१ च्या जुलैत, ऐन पावसाळ्यात, तेव्हाचे मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांनी पदपथांवरील लोकांना मुंबईबाहेर पाठवण्याचा आदेश दिला. झोपड्या मोडून माणसांना बसमध्ये बसवून शहराबाहेर नेण्यात आले. पत्रकार ओल्गा टेलिस आणि काही पदपथवासी यांनी याचिका केल्या. १० जुलै १९८५ रोजी सरन्यायाधीश यशवंत विष्णू चंद्रचूड यांच्या घटनापीठाने निकाल दिला. जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो, पोट भरण्याची जागा हिरावली तर जगणेच हिरावले जाते, असे न्यायालयाने मान्य केले. पदपथावर राहण्याचा हक्क मात्र मान्य झाला नाही. नोटीस देऊन हटवता येईल, १९७६ च्या गणनेतील लोकांना पर्यायी जागा द्यावी आणि पावसाळा संपेपर्यंत कारवाई करू नये, असे आदेश झाले.

निकालाच्या सुमारास भायखळ्याच्या पदपथांवर वेगळे काम चालू होते. १९८४ मध्ये स्थापन झालेल्या स्पार्क या संस्थेने हजारो पदपथवासी कुटुंबांची पाहणी केली. ही माणसे भिकारी किंवा गुन्हेगार नसून शहराची अत्यल्प मोबदल्याची कामे करणारे मजूर आहेत, हे आकड्यांनी दाखवले. तिथल्या बायकांनी १९८६ मध्ये महिला मिलन ही संघटना काढली. रोज रुपया-दोन रुपये बचत गोळा करायची, नोंद ठेवायची, आपल्याला परवडेल असे घर कसे असावे हे ठरवायचे आणि त्याचा खऱ्या मापाचा नमुना लाकूड व कापडाने उभारून लोकांना दाखवायचा, असे त्यांचे काम. साडी लांबीला किती हात आणि खोली उंचीला किती, याचा हिशेब करून त्यांनी पोटमाळ्यासह चौदा फूट उंचीच्या घराचा आराखडा तयार केला. पुढे रेल्वेमार्गालगतच्या हजारो कुटुंबांचे स्थलांतर झाले, तेव्हा मोजणी आणि याद्यांचे काम याच संघटनांनी केले.

१९८१ च्या कारवाईनंतर निवारा हक्क सुरक्षा समितीही उभी राहिली. १९८६ मध्ये कफ परेडजवळचे संजय गांधी नगर पाडले गेले, तेव्हा रहिवाशांबरोबर चित्रपटकार आनंद पटवर्धन आणि अभिनेत्री शबाना आझमी यांनी उपोषण केले आणि लोकांना गोरेगावला पर्यायी जागा मिळाली. पटवर्धन यांच्या ‘हमारा शहर’ या १९८५ च्या माहितीपटाने पाडकामात बेघर झालेल्यांची बाजू देशासमोर आणली. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातून हटवलेल्या हजारो कुटुंबांसाठी चांदिवलीला संघर्ष नगर वसवण्यातही समितीचा वाटा होता.

समाजवादी नेते मृणाल गोरे आणि बाबूराव सामंत यांनी यापेक्षा निराळा रस्ता धरला. १९७६ च्या नागरी कमाल जमीन धारणा कायद्यानुसार अतिरिक्त ठरलेली जमीन सामान्य माणसाच्या घरांसाठीच वापरली पाहिजे, असा आग्रह त्यांनी लावून धरला. त्यांच्या नागरी निवारा परिषदेने दिंडोशीला अशी जमीन मिळवून सुमारे सहा हजार घरे सहकारी पद्धतीने उभी केली. लहानमोठ्या नोकऱ्या करणारी, म्हाडाच्या सोडतीत नंबर न लागलेली कुटुंबे तिथे स्वतःच्या घरात गेली. हा कायदा नीट राबवला असता तर काय होऊ शकले असते, याचे हे मूर्तिमंत उदाहरण. राज्यातील बहुतेक अतिरिक्त जमीन सवलतींतून मालकांकडेच राहिली आणि २००७ मध्ये महाराष्ट्राने कायदाच रद्द केला.

चटई क्षेत्राचे युग

१९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीपासून धोरणाची दिशा बदलली. सरकारने पैसा घालायचा नाही. विकासकाला जास्तीचे चटई क्षेत्र, म्हणजे जादा बांधकामाची परवानगी, द्यायची आणि त्याने बाजारात विकलेल्या घरांच्या नफ्यातून गरिबांची घरे मोफत बांधायची, असे ठरले. १९९५ मध्ये सत्तेवर आलेल्या शिवसेना-भाजप युती सरकारने ४० लाख झोपडीवासीयांना आठ लाख मोफत घरे देण्याची घोषणा केली. दिनेश अफझुलपूरकर समितीच्या शिफारशींनंतर त्याच वर्षअखेर झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण सुरू झाले. १ जानेवारी १९९५ पूर्वीच्या झोपडीधारकाला २२५ चौरस फुटांचे घर मोफत मिळणार होते. योजनेसाठी ७० टक्के रहिवाशांची संमती हवी होती.

नफ्याचे गणित जागेनुसार बदलते. पुनर्वसनाच्या प्रत्येक एक चौरस मीटर बांधकामामागे शहरात पाऊण, उपनगरात एक आणि धारावीसारख्या अवघड भागात १.३३ चौरस मीटर विक्रीचे बांधकाम मिळे. ज्या भागात सदनिकेचा भाव जास्त, तिथे विकासक धावले. भाव कमी असेल तिथे योजना वर्षानुवर्षे पडून राहिल्या. वस्तीत परिशिष्ट दोनची, म्हणजे पात्र झोपडीधारकांची, यादी लागली की पात्र-अपात्रचा वाद पेटे. वीजबिल, मतदार यादीतले नाव, शिधापत्रिका, फोटोपास अशा कागदांची पिशवी घेऊन बाया सक्षम प्राधिकाऱ्याच्या कचेरीबाहेर रांगा लावत. संक्रमण शिबिरात गेलेली कुटुंबे कित्येकदा तिथेच म्हातारी झाली. घराचे क्षेत्रफळ पुढे २६९ आणि नंतर ३०० चौरस फूट झाले. पात्रतेची तारीख २००० पर्यंत आली आणि २००० ते २०११ मधील झोपड्यांना सशुल्क घर देण्याचे ठरले. २०२३ मध्ये त्याची किंमत अडीच लाख रुपये निश्चित झाली.

तीन दशकांत या योजनेतून लाखो लोक पक्क्या घरात गेले, हे खरे. आठ लाखांचे उद्दिष्ट मात्र निम्म्यानेही पुरे झाले नाही. प्रकल्पग्रस्तांसाठी मानखुर्द-गोवंडी भागात उभारलेल्या नटवर पारेख कंपाउंड, लल्लूभाई कंपाउंड यांसारख्या वसाहतींत इमारती इतक्या खेटून आहेत, की खालच्या मजल्यांवर ऊन पोचत नाही. उजेड आणि हवा यांची कमतरता व क्षयरोग यांचा संबंध अशा वसाहतींच्या २०१८ च्या अभ्यासात दिसून आला. प्लेगच्या वेळी ज्या कारणासाठी सरकारने घरबांधणीत लक्ष घातले, तेच कारण नव्या सरकारमान्य इमारतींत पुन्हा निर्माण झाले.

याच काळात पाडकामही थांबले नाही. २००४ च्या डिसेंबरपासून काही आठवड्यांत सुमारे ऐंशी हजार झोपड्या जमीनदोस्त झाल्या. मेधा पाटकर यांच्या पुढाकाराने ‘घर बचाओ, घर बनाओ’ आंदोलन उभे राहिले ते तेव्हा.

गिरण्यांची जमीन

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या गिरणी कामगारांच्या संपानंतर बहुतेक गिरण्या हळूहळू बंद पडल्या आणि शहराच्या मधोमध शेकडो एकर जमीन मोकळी होण्याची शक्यता निर्माण झाली. १९९१ च्या नियमावलीतील ५८ व्या नियमाने ही जमीन साधारण तीन वाट्यांत विभागली : एक पालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक म्हाडाला परवडणाऱ्या घरांसाठी आणि एक मालकाला. २००१ मध्ये नियम बदलला. संपूर्ण जमिनीऐवजी बांधकाम नसलेली मोकळी जमीनच वाटणीत धरायची, असे ठरले. जुन्या शेडखालची जमीन वाटणीबाहेर गेल्याने पालिका आणि म्हाडा यांच्या वाट्याला अगदी थोडे उरले. या बदलाविरुद्ध गेलेली एक पर्यावरणवादी संघटना उच्च न्यायालयात जिंकली. पण ७ मार्च २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने २००१ चा बदल वैध ठरवला. एका पोटनियमाच्या शब्दांमुळे शहराच्या गाभ्यातल्या परवडणाऱ्या घरांची सर्वांत मोठी संधी हातची गेली.

दत्ता इस्वलकर यांनी १९८९ मध्ये बंद गिरणी कामगार संघर्ष समिती स्थापन करून उपोषण केले आणि कामगारांची थकबाकी, नोकरी व घर हे प्रश्न दोन-तीन दशके जिवंत ठेवले. म्हाडाच्या वाट्यातील जमिनीवर कामगारांना घरे मिळावीत, ही मागणी मान्य झाली. सुमारे दीड लाख अर्ज आले. २०१२ मध्ये ६,९२५ घरांची पहिली सोडत निघाली. २२५ चौरस फुटांच्या घराची किंमत साडेसात लाख रुपये ठेवली होती. त्यानंतरही सोडती झाल्या. तोवर कितीतरी कामगार वारले होते आणि अर्ज त्यांच्या वारसांच्या नावावर चालू होते.

आराखडा आणि नागरिक

२०१४ ते २०३४ च्या विकास आराखड्याच्या वेळी घरांच्या चळवळीने नवे क्षेत्र हाताळले. आराखड्याचे नकाशे वाचणे हे तोवर वास्तुरचनाकारांचे आणि विकासकांचे काम होते. युवा ही संस्था आणि हमारा शहर विकास नियोजन अभियान यांनी वस्त्यावस्त्यांत बैठका घेऊन आपली वस्ती नकाशात कशी दाखवली आहे, हे लोकांना दाखवले. २०१५ च्या मसुद्यावर हजारो हरकती आल्या आणि सरकारने तो मसुदा मागे घेतला. नवा आराखडा २०१८ मध्ये मंजूर झाला. त्यात ना-विकास क्षेत्राचा काही भाग परवडणाऱ्या घरांसाठी खुला केला गेला.

बीडीडी चाळींच्या पुनर्विकासात रहिवाशांना ५०० चौरस फुटांची मालकी हक्काची घरे देण्याचे ठरले. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या ५५६ कुटुंबांना किल्ल्या मिळाल्या. जमीन सरकारची, काम म्हाडाचे आणि रहिवासी संघटित असल्याने १६० चौरस फुटांच्या खोलीतून हे लोक त्याच ठिकाणी मोठ्या घरात गेले. त्याआधी मे २०२५ मध्ये राज्य सरकारने ‘माझे घर, माझा अधिकार’ हे नवे गृहनिर्माण धोरण मंजूर केले असून, २०३० पर्यंत आर्थिकदृष्ट्या दुर्बल आणि अल्प उत्पन्न गटांसाठी ३५ लाख घरांचे उद्दिष्ट ठेवले आहे.

सव्वाशे वर्षांच्या या इतिहासात परवडणारी घरे टिकली ती दोनच ठिकाणी : जिथे जमीन सार्वजनिक किंवा सहकारी हातात राहिली आणि जिथे राहणारे लोक कागद, मोजणी आणि संघटना यांच्या बळावर आपले म्हणणे मांडत राहिले. बीआयटी, बीडीडी, कन्नमवार नगर, चारकोप, दिंडोशी ही त्याची उदाहरणे आहेत. चटई क्षेत्राच्या नफ्यावर सोडलेली घरे बाजार चढला की बांधली गेली आणि उतरला की रखडली. त्यामुळे नव्या धोरणाचे मूल्यमापन घोषित घरांच्या आकड्यावरून न करता, सरकार, पालिका, रेल्वे आणि बंदर यांच्या ताब्यातली किती जमीन कायमची परवडणाऱ्या घरांसाठी राखली जाते, यावरून केले पाहिजे. ही जमीन एकदा विकली की ती परत मिळत नाही.